आजोबांच्या टोपीखालचा माणूस

माझ्या आईला, आम्ही तिला माय म्हणायचो, काहीही ठरवायचं असलं की ती भिंतीला विचारायची. भिंतीवर तिचे वडील होते. डोक्यावर काळी टोपी, ओठ झाकून खाली उतरलेली जाड मिशी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. टोपी, मिशी आणि कोट रंगवलेले. चेहरा मात्र बारीक बारीक काळ्या रेघांचा. डोळे असे की खोलीत कुठंही उभं राहा, ते तुमच्याकडेच बघायचे. लहानपणी मला त्या डोळ्यांचा भारी राग यायचा. साखरेच्या डब्यात हात घालावा तर हे समोर हजर.

इंदोरा वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत या तसबिरीचा मान मोठा होता. छप्पन साली घरानं धम्म घेतला तेव्हा कोनाड्यातले देव गेले, पण आजोबा खिळ्यावर जसेच्या तसे राहिले. वर्षातून एकदा त्यांच्या दिवशी मेणबत्ती लागायची, शेवंतीचा हार चढायचा, खीर व्हायची. एरवी रोजचा कारभार त्यांच्याच संमतीनं चालायचा. मी मॅट्रिक झाले आणि चित्रकलेच्या कॉलेजात जाते म्हणाले, तेव्हा मिलमधून नुकतेच आलेले वडील म्हणाले, "चित्रं काढून कोणाचं पोट भरलं?" माय उठली, तसबिरीसमोर जाऊन ओठातल्या ओठात काही बोलली आणि वळून म्हणाली, "बाबा हो म्हणून राहिले." सासऱ्यांपुढं वडिलांचं काही चालत नसे, त्यातून हे सासरे हयात नसलेले. मी कॉलेजात गेले.

मायनं आपल्या वडिलांना पाहिलेलं नव्हतं. म्हणजे पाहिलं असेल, पण ती तेव्हा रांगत होती. आजोबा सिव्हिल लाइन्समध्ये एका म्हाताऱ्या मेमसाहेबाच्या बंगल्यावर कामाला होते आणि तापानं ऐन तरुणपणी गेले. त्यांचा फोटो कधी निघालाच नाही. पुढं मायचं लग्न ठरलं. बाप नसलेल्या मुलीच्या मांडवात खुर्चीवर बापाचा फोटो ठेवायची रीत. फोटो आणायचा कुठून? तेव्हा शहराच्या महाल भागात एक पेंटर होता, त्याचा धंदाच गेलेल्या माणसांना परत आणायचा. घरच्यांनी समोर बसून सांगायचं, नाक असं होतं, कपाळ तसं होतं, आणि त्यानं ऐकून ऐकून काढायचं. आजी त्याच्याकडे गेली, तिनं सांगितलं, त्यानं काढलं. मायनं मांडवात त्या तसबिरीला वाकून नमस्कार केला आणि ती सासरी गेली. आजीला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पुढं आजी आणि तसबीर दोघीही आमच्याकडेच राहायला आल्या. आम्हाला ठाऊक असलेली गोष्ट एवढीच होती.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मी पत्र्यावर कोरून चित्र छापायला शिकत होते. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं त्यात रेघा ओढायच्या, पत्रा तेजाबात बुडवायचा. जिथं मेण गेलं तिथं तेजाब पत्रा खातं. मग शाई भरायची, जादाची पुसायची आणि ओल्या कागदावर दाबयंत्रातून छाप काढायचा. माझी बोटं तेजाबानं कायमची पिवळी झालेली. माय म्हणायची, हळद लागल्याशिवायच पिवळी झाली पोरगी.

ही विद्या शिकवणारे आमचे सर बारीक, चिडके आणि चांगले होते. त्यांच्याकडे विलायतेहून मागवलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. हात साबणानं धुतल्याशिवाय ते कोणाला शिवू देत नसत. तीनशे वर्षांपूर्वीचा एक डच चित्रकार, सगळ्या जगाला नाव ठाऊक असलेला, त्यानं तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली चित्रं त्यात छापली होती. सर त्याच्याबद्दल असे बोलत की जणू तो त्यांचा थोरला काका आहे आणि काल संध्याकाळीच भेटून गेला. त्या दुपारी ते पानं उलटत होते, आम्ही भोवती उभे होतो. एक पान उलटलं आणि मी मोठ्यानं म्हणाले, "अरे, आजोबा!"

वर्ग खदाखदा हसला. मीही हसले. पण तो चेहरा घरचा होता. तेच डोळे, डाव्या भुवईच्या वर तीच कापल्यासारखी रेघ, तीच किंचित कललेली मान. टोपी नव्हती, विरळ केस उडालेले होते. मिशीच्या जागी पातळ, जरा उघडलेले ओठ. कोटाच्या जागी पांढरी रुंद कॉलर. सरांनी खालचा मजकूर वाचून दाखवला. चित्रकाराच्या ओळखीतला कोणी गृहस्थ होता. छाप मोजकेच निघाले, पत्रा पुढं सापडला नाही, म्हणून हे चित्र अतिशय दुर्मिळ.

मी सायकल कशी हाणत घरी आले मलाच माहीत नाही. माय नळावर गेली होती. मी स्टुलावर चढून तसबीर उतरवली, मागचा एक बारीक खिळा सरकवून काच जराशी उचलली आणि बोट ओलं करून टोपीच्या कोपऱ्याला लावलं. बोट काळं झालं. त्या जागी, रंगाच्या खाली, केसांच्या बारीक रेघा होत्या. छापाच्या शाईच्या. पाण्यानं त्यांना काही झालं नव्हतं. मी तसबीर जागेवर लावली आणि स्टुलावरच बसून राहिले.

त्यानंतरचे माझे दिवस वाईट गेले. बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठं जायचं सुचत नसे. पोळ्या करपवल्या, भावाशी भांडले, कॉलेजात एक चांगला पत्रा तेजाबात विसरून त्याची चाळण करून टाकली. सांगावं तर मायचं काय होईल, आणि न सांगावं तर माझं काय होईल! जगात मोजकेच असलेले छाप आणि त्यातला एक आमच्या मिठाच्या बरणीच्या वर टांगलेला. आपण ज्या हाताच्या रेघा पुस्तकात बघून झुरतो, त्या हाताचा कागद घरात आहे आणि त्याच्यावर कोणीतरी मिशी फासली आहे. माझी बोटं त्या मिशीसाठी नुसती शिवशिवत होती.

"काहून वं, अशी फिरफिर करून राहिली?" माय म्हणाली. "बस ना एका जागी."

शेवटी मला राहवलं नाही. मी सरांना सांगितलं. त्यांनी आधी मला वेड्यात काढलं आणि दुसऱ्या दिवशी भर मे महिन्याच्या दुपारी स्कूटर घेऊन आमच्या दारात हजर झाले.

मायची समजूत झाली की सर माझ्यासाठी स्थळ घेऊन आलेत. तिनं आत जाऊन पातळ बदललं, कपबश्यांचा न काढलेला सेट काढला आणि मला डोळ्यांनी खुणावलं की जरा डोक्याला कंगवा लाव. सर तिच्याकडे बघतच नव्हते. चहा निवत होता आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग त्यांनी तसबीर उतरवू का म्हणून विचारलं. माय म्हणाली, "काढा ना, धूळ असन तर पुसून घ्या."

सरांनी मागचे खिळे काढले, पुठ्ठा बाजूला केला आणि कागद दारातल्या उन्हासमोर धरला. कागदाच्या अंगातल्या आडव्या रेषा उन्हात दिसल्या. चौकटीखाली दडलेल्या कडेला तांब्याच्या पत्र्याचा दाब उमटलेला होता, बोट फिरवलं तर लागत होता. सर कागद मांडीवर घेऊन खाली बसले.

मग त्यांनी मायला सगळं समजावून सांगितलं. फार छान सांगितलं, वर्गात कधी सांगितलं नाही इतकं. वरचा रंग डिंकातला आहे, ओल्या कापसानं अलगद निघेल, खालचा छाप पुन्हा मोकळा होईल. असं चित्र घरात भिंतीवर खराब होतं; मोठ्या संग्रहालयात जपून ठेवतील, लांबून लांबून लोक बघायला येतील. माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"खाली कोण आहे?" तिनं विचारलं.

"एक डच गृहस्थ. तीनशे वर्षांपूर्वीचे."

"अन् माहा बाप?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. कोपऱ्यात आजी सुपात तांदूळ निवडत होती. माय तिच्याकडे वळली.

"तू तर म्हणे पेंटरनं काढला."

"काढला ना," आजी मान वर न करता म्हणाली. "टोपी काढली, मिशी काढली, कोट काढला. मेम आपल्या देशात गेली तवा ही तसबीर मले देऊन गेली होती. चौकट कामाले येईन म्हणून संग नेली, तं पेंटर म्हणे, बाई, चेहरा तयारच आहे, नवा काहून काढता?"

चहा तसाच राहिला. सर जाताना मला बाहेर बोलावून हळूच म्हणाले, "आईंना समजाव." समजाव म्हणे! मी काय समजावणार होते?

तसबीर पुन्हा भिंतीवर गेली, पण आता तिचं काही खरं नव्हतं. माय सवयीनं समोर जायची, हात जोडायला उचलायची आणि अर्ध्यावर थांबायची. भावाच्या शाळेचं ठरेना, तिच्या मावशीसासूच्या मुलीच्या लग्नाला जायचं की नाही ठरेना, साध्या भाजीचंही ठरेना. वडिलांनी एकदा थट्टेनं म्हटलं, "इचार ना तुह्या साहेबाले, वांगी करू का म्हणून." माय रडायलाच लागली. तेव्हापासून वडिलांनी थट्टा सोडली. मला तिची दया येत होती आणि तिचा रागही येत होता. दयेपेक्षा राग सोपा, म्हणून मी रागच करत होते. तिकडे सर रोज विचारत, काय ठरलं? तेही धड जेवत नसावेत.

एका सकाळी माय माझ्यापुढं कोरा कागद ठेवून म्हणाली, "तुमाले तो पाहिजे ना? मंग ने त्याले. पण आधी माह्या बापाले कागदावर आण. तू शिकली आहे. आजीनं त्याले पाह्यलं आहे. तिले इचार अन् काढ. तो पेंटर ऐकून काढे, तुले काहून नाही येणार?"

मला आनंदच झाला. हे तर जमण्यासारखं होतं. मी पेन्सिली तासल्या, आजीला उजेडात बसवलं आणि विचारायला सुरुवात केली.

"नाक कसं होतं, आजी?"

"नाकासारखं नाक."

"मोठं? बसकं?"

"मोठं कशाचं! असते तसं."

"कपाळ?"

"कपाळ टोपीत असे."

मी काही तरी काढायची, तिला दाखवायची. ती लांबूनच म्हणायची, हो, असंच असन. दुसरं अगदी निराळं काढून दाखवलं की तेही असंच असन. मी कागदावर कागद फाडत होते. माय चुलीपाशी काम करतेय असं दाखवत कान इकडे लावून होती. आजीला मध्येच गोवऱ्या आठवायच्या, मध्येच शेजारीण हाक मारायची, मध्येच कंबर दुखायची. टोपीबद्दल विचारलं की मात्र ती भरभरून बोलायची. काळी होती, आतून तेलानं कडक झालेली, डाव्या बाजूला उसवली होती ती तिनंच टाचली होती. डोळे विचारले की सूप ओढून तांदूळ निवडायला लागायची.

असे कितीतरी दिवस गेले. माझा संयम मुळातच तोकडा. एका दुपारी, बाहेर उन्हाची लू चाललेली, खोलीत बसवत नव्हतं, मी पेन्सिल आपटली आणि ओरडले, "आजी, तू त्याची बायको होती का शेजारीण? नवऱ्याचं तोंड आठवत नाही तुले?"

आजीनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता खाते मार.

"आठवाले पाह्यलं पाहिजे ना वं आधी," ती म्हणाली.

मग ती सांगत गेली, कोणाकडेही न बघता. एकच खोली, तीत सासू, थोरले दीर, जाऊ. डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत. तो उजाडायच्या आधी बंगल्यावर जायचा, परत यायचा तेव्हा दिवा सासूच्या हातात. मान जरा वर झाली की सासू म्हणे, डोळे फोडीन. त्याच्याशी बोलायचं तेही अंधारात आणि कुजबुजत. आवाज तिला आजही ओळखता आला असता. तो हसायचा खूप, ते हसणं तिच्या कानात होतं. तापानं पडला तो बंगल्यामागच्या खोलीतच पडला, तिथंच गेला. साथीचा ताप म्हणून बाईमाणसाला जवळ जाऊ दिलं नाही, तोंडावर कपडा घालून तिकडूनच नेलं.

"मंग मिशी?" मी विचारलं.

"पेंटर इचारे, मिशी कशी होती. दुकानात चार माणसं उभे. नवऱ्याचं तोंड मालूम नाही, असं कसं सांगू? म्हटलं, मोठी होती."

माय दारात येऊन उभी होती, हाताला पीठ तसंच. माझ्या मनात आलं, आता ही कोसळणार. इतकी वर्षं जिच्याशी बोलली त्या चेहऱ्यातलं काहीच बापाचं नव्हतं. चेहरा परक्याचा, मिशी लाजेची. मला आजीचा राग यायला हवा होता, तो येईना.

माय आजीसमोर खाली बसली.

"मंग तू पाहे काय वं, माय?"

आजीनं मान वर केली.

"पाय," ती म्हणाली. "पाय पाहो. सांजच्याले आला का मीच पाणी टाको त्याच्या पायावर."

मी पेन्सिल उचलली. मी काही विचारायची गरजच पडली नाही. आजी इतकं भराभर सांगत होती की माझा हात मागं पडत होता. पावलं लांब, पुढं पसरलेली. टाचेला भेगा, उजव्या टाचेची भेग खोल, तिच्यात माती भरलेली असायची ती पाण्यानंही निघत नसे. घोट्यावर भाजल्याचा चट्टा, बंगल्यातल्या चुलीचा. नखं रुंद. मी काढलं की ती कागद जवळ ओढायची, डोळे बारीक करायची आणि बोटानं दाखवायची, इथं नाही, जरा खाली. हे हाड वर आहे. माझ्या कुठल्याही शिक्षकानं माझं काम इतकं बारकाईनं तपासलं नव्हतं. "डाव्या पायाचं अंगठ्याजवळचं बोट अंगठ्यावर चढलेलं काढ," ती म्हणाली. "पुरं नाही, अर्धं. वहाण घातली का बाहेर ये ते."

मी ते बोट काढलं. खोडलं, पुन्हा काढलं. आजीनं कागदावर तळवा ठेवला.

"हा. हा आला."

तिचा हात तिथंच राहिला. मायनं तो हळूच बाजूला केला आणि चित्र बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग तिनं पातळाचा काठ घोट्याच्या वर घेतला आणि आपला डावा पाय कागदाच्या शेजारी, फरशीवर ठेवला. अंगठ्याजवळचं बोट अंगठ्यावर अर्धं चढलेलं होतं.

आम्ही तिघी त्या दोन पायांकडे बघत राहिलो. माय रडत होती आणि तिला ते लपवायचं नव्हतं. पिठाच्या हातानं नाक पुसून ती मला म्हणाली, "सरले सांग, या म्हणा, अन् घेऊन जा म्हणा आपला माणूस."